मुंबईचा विषाणू आधी मुंबईला कळू द्या

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिल्लीत एक निवेदन काढले. महाराष्ट्रातून आलेल्या नमुन्यांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही दोन उत्परिवर्तने, म्हणजे विषाणूच्या जनुकांतले बदल, आढळली असून डिसेंबरच्या तुलनेत हे प्रमाण वाढले आहे, असे त्यात म्हटले होते. 'डबल म्युटंट' हा शब्द त्या दिवसापासून घरोघरी झाला. तोवर अमरावतीतली रुग्णवाढ सुरू होऊन महिना उलटून गेला होता. मुंबईतला रोजचा आकडा चढत होता आणि ४ एप्रिलला तो एका दिवसात ११ हजारांच्या वर गेला. ज्या घराण्यातून पुढे डेल्टा जगभर पसरला, त्या बी.१.६१७ चे देशातले सर्वांत जुने नोंदलेले नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये कोणाच्या तरी नाकातून घेतलेल्या नमुन्यात जे होते, ते लोकांना मार्च सरत आल्यावर कळले. मधल्या पाच महिन्यांत लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी पुन्हा सुरू झाली, राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लग्नसराई होऊन गेली.

या पाच महिन्यांबद्दल बोलायलाच हवे, कारण हे पुन्हा होऊ शकते आणि तेव्हा विषाणू करोनाचाच असेल असे नाही. माझे म्हणणे सरळ आहे. मुंबईने आपल्या हद्दीत फिरणाऱ्या विषाणूंचा जनुकीय मजकूर स्वतः वाचला पाहिजे, बारा महिने वाचला पाहिजे, आणि जे दिसेल ते नमुना घेतल्याचा आठवडा आणि वॉर्ड यांसह लगेच जाहीर केले पाहिजे. आपल्या शहराचे नाव खराब होईल, या भीतीने एक दिवसही ते अडवून ठेवता कामा नये.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे हा मजकूर वाचण्यासाठी, 'इन्साकॉग' हे राष्ट्रीय जाळे उभे राहिले तेव्हा त्यात दहा प्रयोगशाळा होत्या. त्यांतल्या दोन पुण्यात, दोन हैदराबादेत, दोन बंगळुरूत. मुंबईत एकही नव्हती. देशात सर्वाधिक रुग्ण नोंदवणाऱ्या शहरांपैकी एक, आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेले, मोठे बंदर बाळगणारे शहर आपले नमुने घाटापलीकडे पाठवून उत्तराची वाट पाहत होते. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्के वाचायचे, असे तेव्हा ठरले होते. रुग्णसंख्या लाखांत गेल्यावर ते कागदावरच राहिले. पालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची क्रमनिर्धारण प्रयोगशाळा सुरू झाली ऑगस्ट २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर. एका खेपेत ३८४ नमुने वाचण्याची तिची क्षमता आहे आणि निकाल आठवड्यांऐवजी दिवसांत मिळू लागले. पालिकेने हे केले याचे मनापासून कौतुक करावे असेच ते काम आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण, दक्षिण आफ्रिकेतून आलेला डोंबिवलीचा प्रवासी, सापडला तेव्हा यंत्रणा मार्चसारखी आंधळी नव्हती.

या तंत्राने नक्की काय कळते? करोनाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. विषाणू आपली प्रत काढताना अधूनमधून चुकतो, आणि संसर्गाच्या एका साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलतात. जुन्या हस्तलिखित पोथ्यांचे पाठभेद लावणारे अभ्यासक कोणती चूक कोणत्या प्रतीतून कोणत्या प्रतीत उतरली हे पाहून पोथ्यांची वंशावळ लावतात, तसेच हे काम. दोन शहरांतल्या नमुन्यांत तेच बदल त्याच जागी सापडले, तर दोन्ही साखळ्या एकाच मुळातून निघाल्या. एकात आणखी दोन बदल असतील तर ती साखळी पुढे काही आठवडे चालत राहिलेली आहे. असे लाखो नमुने शेजारी शेजारी मांडले की विषाणू कोणत्या वाटेने गेला याचा नकाशा हळूहळू तयार होतो. २००८ मध्ये इन्फ्लुएंझासाठी सुरू झालेल्या 'जीसेड' या संग्रहात करोनाचे दीड कोटीहून अधिक जीनोम, म्हणजे विषाणूचे पूर्ण जनुकीय मजकूर, जमा झाले. 'नेक्स्टस्ट्रेन'सारख्या खुल्या प्रणालीवर ते कोणालाही झाडाच्या रूपात पाहता येतात.

या नकाशाने काही घट्ट समजुती मोडल्या. ब्रिटनमधल्या संशोधकांनी पहिल्या लाटेतले हजारो नमुने लावून पाहिले तेव्हा दिसले, की विषाणू त्या देशात हजाराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे शिरला होता, आणि बहुतेक वेळा तो स्पेन, फ्रान्स आणि इटलीतून आला होता. थेट चीनमधून आलेल्या साखळ्या नगण्य होत्या. आपल्याकडेही तेव्हा सगळी भीती चीनची होती. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण मात्र ९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या प्रवाशांत सापडले. वर्षभराने डेल्टा भारतातून ब्रिटनमध्ये गेला, तोही हजारावर वाटांनी. एका देशाच्या विमानांना दार लावून साथ थांबेल, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. दार लावून फार तर थोडे दिवस मिळतात, आणि ते दिवसही पुढे काय करायचे हे ठरलेले असेल तरच कामाला येतात.

पण या नकाशाची एक मोठी उणीव आहे आणि ती समजल्याशिवाय कोणाही वाचकाने 'अमुक देशातला व्हेरिएंट' हे शब्द तोंडात घेऊ नयेत. जो शोधतो, त्यालाच सापडते. गॅमा हा प्रकार ब्राझीलच्या ॲमेझोनास भागात वाढला, पण पहिल्यांदा ओळखला गेला जपानमध्ये. जानेवारी २०२१ च्या आरंभी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलेल्या चार प्रवाशांत. ओमायक्रॉनची माहिती दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दिली; नंतर कळले की नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही तो होता. जिथे पाच हजार नमुने वाचले जातात तिथला एक कोपरा नकाशावर लख्ख दिसतो, आणि जिथे पन्नासच वाचले जातात तो प्रदेश स्वच्छ असल्याचा भास होतो. नकाशावरचा कोरा भाग रोगमुक्त असतोच असे नाही, बऱ्याचदा तिथे कोणी पाहिलेलेच नसते. मार्च २०२१ पर्यंत मुंबईचा मोठा भाग असाच कोरा होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे, आणि करोनाच्या काळात एका प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेण्याच्या टेबलावर काम करत होते. त्या टेबलावरचे दृश्य इथे सांगते, कारण सगळी चर्चा यंत्रांभोवती फिरते आणि खरी अडचण यंत्राच्या बरीच आधी सुरू होते. दुपारी थर्मोकोलचे खोके यायचे. झाकण उघडले की बर्फाच्या पिशव्या अर्ध्या वितळलेल्या, त्यांच्या पाण्याने खालचे कागद भिजलेले. गुलाबी द्रवाच्या छोट्या नळ्या, प्रत्येकीत स्वॅबची मोडलेली काडी, वर मार्करने लिहिलेला क्रमांक. त्या क्रमांकातला सात आणि एक ओलाव्याने सारखाच दिसायचा. सोबतच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाइल नंबर असायचे. पत्त्याच्या रकान्यात कधी नुसते 'कुर्ला' आणि कधी गावाकडचा, आधार कार्डावरचा पत्ता. नमुना घेतल्याची तारीख आणि तो आमच्याकडे पोचल्याची तारीख एकाच रकान्यात कोंबलेली. 'प्रवासाचा इतिहास' हा रकाना तर जवळजवळ कायम रिकामा, किंवा त्यात एक आडवी रेघ. रेघेचा अर्थ प्रवास केला नाही असा, की विचारलेच नाही असा, हे कोणाला ठाऊक नसे. ज्या मुली नमुने घेत होत्या त्या पीपीई किटमध्ये घामाने निथळत दिवसाला शेकड्याने स्वॅब घेत होत्या; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या फॉर्मचा, आणि फॉर्म भरून घ्यायला वेगळा माणूस न देणाऱ्या व्यवस्थेचा.

अशा नळीतून जीनोम मिळतो, कधी कधी अगदी उत्तम मिळतो. पण तारीख आणि ठिकाण नसलेला जीनोम वंशावळीत कुठे टांगायचा? तो कुर्ल्यात मार्चमध्ये फिरत होता, की गावाहून मे महिन्यात आला, हे अक्षरे सांगत नाहीत. श्रीमंत देशांतही हेच घडते. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये दुभत्या गायींत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू पसरल्यावर तिथल्या कृषी खात्याने जीनोमचा कच्चा मजकूर जाहीर केला, पण कोणता नमुना कुठला आणि कोणत्या तारखेचा हे सोबत दिले नाही, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. म्हणून 'यंत्र आणले' या बातमीने माझे समाधान होत नाही. आरोग्य केंद्रातल्या फॉर्मवर दोन तारखांचे दोन रकाने आणि सध्या राहतो तो वॉर्ड, एवढे आले तर त्याच यंत्राची किंमत दुप्पट वसूल होईल.

हे सगळे मुंबईला नवे आहे असे मानण्याचे कारण नाही. याच शहरात, परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्रात, पोलिओच्या विषाणूचा माग असाच काढला जात होता. देशातली सांडपाण्यातून पोलिओ शोधण्याची मोहीम २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. झोपडपट्ट्यांमधून वाहणाऱ्या सांडपाण्याचे नमुने घ्यायचे, त्यातला विषाणू वाढवायचा, आणि त्याच्या कवचाच्या जनुकातली सुमारे नऊशे अक्षरे वाचायची, हे काम तिथे शांतपणे चालू असे. या भागातली साधारण एक टक्का अक्षरे वर्षाला बदलतात, त्यामुळे दोन नमुन्यांतल्या फरकावरून ते किती काळापूर्वी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. मुंबईत पोलिओने लुळे पडलेले मूल सापडत नसतानाही गटारात विषाणू सापडत होता, आणि त्याची अक्षरे उत्तर प्रदेश, बिहारकडच्या साखळ्यांशी जुळत होती.

या शहरात अशी माहिती किती ज्वालाग्राही ठरू शकते हे मुंबईकरांना सांगायला नको. 'विषाणू उत्तरेतून येतो' हे वाक्य एखाद्या सभेत गेले असते तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. प्रत्यक्षात या माहितीचा उपयोग झाला तो डोस कुठे द्यायचे हे ठरवायला. रेल्वे स्थानकांवर आणि गाड्यांत पोलिओचे बूथ लागले, स्थलांतरित वस्त्यांकडे विशेष लक्ष दिले गेले. देशाच्या सांडपाण्यात रानटी, म्हणजे लशीतून न आलेला, पोलिओ विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईत. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला. त्याच २०१० मध्ये ताजिकिस्तानात पोलिओची मोठी साथ आली, चारशेवर लोक बाधित झाले, आणि त्या विषाणूची अक्षरे उत्तर प्रदेशातल्या साखळीशी सर्वांत जवळची निघाली. आपल्याकडे जे घडते ते आपल्यापाशी राहत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. ज्या शहराने गटारातून आलेली वाईट बातमी दशकभर दर महिन्याला ऐकून घेतली आणि तिच्यावर काम केले, त्या शहराला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

मग अडते कुठे? माझ्या मते पैशाआधी बदनामीच्या भीतीपाशी अडते, आणि ही भीती पोकळ नाही. मुंबईतल्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर युरोपातली बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली, १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला निघालेल्या यात्रेकरूंना थांबवण्यात आले. व्यापारावर जगणाऱ्या शहराला रोगाचे नाव उच्चारण्याची किंमत मोजावी लागली. अलीकडची उदाहरणे तर ताजी आहेत. करोनाचा पहिला जीनोम ११ जानेवारी २०२० रोजी जगासमोर ठेवणाऱ्या झांग योंगझेन यांची प्रयोगशाळा दुसऱ्याच दिवशी 'दुरुस्ती'साठी बंद करण्यात आली. तोच जीनोम हाती धरून जगभर चाचण्या आणि लशी तयार झाल्या. दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन दाखवून दिला, आणि दोन दिवसांत त्यांच्या विमानांना अनेक देशांची दारे बंद झाली, त्यात प्रयोगशाळेला लागणारी रसायने येणेही अवघड झाले. मुंबईतही २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले, तेव्हा सरकारी पातळीवर आधी वाद झाला तो त्यांनी वापरलेल्या संज्ञेवर. रुग्ण बाजूला राहिले. तरी त्या चार ओळींनी शहराला हलवले, क्षयाच्या जलद निदानाकडे आणि प्रतिरोधाच्या चाचण्यांकडे लक्ष वळले. डॉक्टर गप्प राहिले असते तर हे झाले नसते.

मे २०२१ मध्ये 'इंडियन व्हेरिएंट' या नावाला केंद्र सरकारने हरकत घेतली. ती रास्तच होती, आणि ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे जाहीर करून तो प्रश्न बऱ्यापैकी सोडवला. पण नावाबद्दल जितक्या तडफेने बोललो, तितक्या तडफेने माहिती खुली करण्याबद्दल बोललो नाही. एप्रिल २०२१ च्या अखेरीस देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना चाचण्यांची आणि क्रमनिर्धारणाची माहिती आम्हाला पाहू द्या, अशी पंतप्रधानांकडे जाहीर विनंती करावी लागली. मे महिन्यात 'इन्साकॉग'च्या वैज्ञानिक सल्लागार गटाचे प्रमुख शाहिद जमील यांनी पद सोडले. स्मशानांत जागा नव्हती त्या आठवड्यांत आपल्याच देशातल्या जाणकारांना आपलीच आकडेवारी मागून घ्यावी लागत होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

शहर आणि देश यांच्या बदनामीपेक्षा माणसाच्या बदनामीची भीती मला जास्त महत्त्वाची वाटते. नवा व्हेरिएंट सापडला की कॅमेरे सोसायटीच्या गेटवर पोचतात. वॉचमन नाव सांगतो, शेजारी मजला सांगतात, आणि त्या घरातल्या पोराबाळांना पुढे महिनोन्‌महिने ते झेलावे लागते. असे झाले की पुढचा प्रवासी तपासणी टाळतो, खासगी प्रयोगशाळेत खोटा पत्ता देतो, आणि नकाशातला तो भाग पुन्हा कोरा पडतो. म्हणून माहिती खुली करा म्हणताना मर्यादाही सांगायला हवी. लोकांसमोर वॉर्ड आणि आठवडा, इतकेच जाहीर व्हावे. इमारत, वय, पेशा, विमानाचा क्रमांक यांतले काहीही नको. एखाद्या वॉर्डात एखादाच रुग्ण असेल तर शेजारचे दोन-तीन वॉर्ड एकत्र करून आकडा द्यावा. सांडपाण्याचा मोठा फायदा इथेच आहे. गटारातल्या नमुन्याला नाव नसते, आणि ज्यांना दवाखान्यात जायला सुट्टी मिळत नाही त्यांचाही विषाणू त्यात मोजला जातो. मुंबईची मलनिस्सारण व्यवस्था कुलाब्यापासून भांडुपपर्यंत सात विभागांत वाटलेली आहे, तेव्हा कुठे नमुना घ्यायचा याचा सांगाडा तयारच आहे. ज्या वस्त्यांना मलवाहिन्या नाहीत तिथल्या नाल्यांतून वेगळे नमुने घ्यावे लागतील. पोलिओच्या वेळी हे करून झालेले आहे.

प्लेगच्या त्या दिवसांतच, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथरोग कायदा आला. मूळ कायदा चार कलमांचा. सरकारला प्रवाशांची तपासणी करता येईल, लोकांना वेगळे ठेवता येईल, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करता येईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. सरकारने लोकांना काय आणि किती दिवसांत सांगितले पाहिजे, याबद्दल त्यात अक्षर नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांच्या संदर्भात, आणि ती गरजेची होती. पण नागरिकाला कळण्याचा हक्क तेव्हाही आला नाही. ज्या शहरातल्या साथीतून हा कायदा जन्मला, त्या शहराने त्यातली ही उणीव भरून काढण्याची मागणी करावी.

पैशाचा आक्षेप मी हलका मानत नाही. खाटा अपुऱ्या आहेत, परिचारिकांची पदे रिकामी आहेत, औषधे बाहेरून आणायला सांगतात, आणि तुम्ही जीनोम वाचत बसणार का, असे कोणी विचारले तर त्याच्या रागाशी मी सहमत आहे. एका रुग्णाच्या उपचारात त्याच्या विषाणूच्या क्रमवारीने बहुधा काही फरक पडत नाही, हेही खरे. मात्र सगळ्या शहराच्या उपचारांत पडतो. करोनावरचे 'अँटिबॉडी कॉकटेल' आठवून पाहा. कासिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब या दोन औषधांच्या एका मात्रेची किंमत भारतात जवळपास ६० हजार रुपये होती. डेल्टावर ते चालत होते. ओमायक्रॉनच्या पृष्ठभागावरच्या बदललेल्या काट्यांपुढे ते निकामी ठरले, आणि २४ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा वापर आवरता घ्यायला लावला. ज्या दिवशी शहरातले बहुतेक नमुने ओमायक्रॉनचे झाले त्या दिवशी ही माहिती प्रत्येक नर्सिंग होमपर्यंत पोचली, तर दागिने गहाण ठेवून ते इंजेक्शन आणणारे एक तरी कुटुंब वाचते. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होते. त्यात एका प्रयोगशाळेची रसायने, सांडपाणी गोळा करणारी माणसे आणि आकडेवारी लावणारे दोन-चार जाणकार बसत नाहीत, असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

खरी आर्थिक अडचण वेगळी आहे आणि ती क्वचितच बोलली जाते. ३८४ नमुन्यांची खेप पूर्ण भरली तरच प्रत्येक नमुना स्वस्त पडतो. साथ ओसरली की करोनाचे तितके नमुने येत नाहीत. मग एकतर अर्ध्या रिकाम्या खेपेवर महागडी रसायने खर्चायची, किंवा खेप भरेपर्यंत नमुने फ्रीझरमध्ये ठेवायचे. साथ नसताना फ्रीझरच निवडला जाणार हे उघड आहे, आणि नवा प्रकार नेमका त्याच शांत आठवड्यांत शहरात शिरतो. यावरचा उपाय म्हणजे रिकाम्या जागा भरणे. पावसाळ्यात शहर डेंग्यूने आणि फ्लूने फणफणलेले असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुले दगावली. क्षयाचे जंतू कोणत्या औषधाला दाद देणार नाहीत हे त्यांच्या जीनोममधून बरेचसे कळते, आणि मुंबईला त्याची गरज इतर कोणत्याही शहराइतकी, कदाचित जास्तच आहे. फ्लूचा नमुना, डेंग्यूचा नमुना, सात विभागांचे सांडपाणी आणि विमानतळावरचे थोडे स्वॅब एकाच यंत्रावर चालवण्याची घडी बसवली तर खेप दर आठवड्याला निघू शकते. तयारीच्या पद्धती निराळ्या असतात, तंत्रज्ञांना जास्तीचे प्रशिक्षण लागेल. पण ज्या यंत्रासाठी आपण महासाथीत जीव टाकत होतो ते शांततेच्या काळात थंड पडू देणे मला अक्षम्य वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी दोन टक्क्यांची तपासणी विमानतळांवर सुरू झाली होती. ती चीनमधल्या लाटेच्या बातम्यांनंतर. बातमी आली की सुरू आणि बातमी विरली की बंद, अशा पाहणीला पाळत म्हणता येत नाही.

जगाला माहिती द्यायची तर बदल्यात काय मिळणार, हा प्रश्नही रास्त आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले, कारण त्यांच्या विषाणूपासून बनणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. त्या भांडणातून २०११ मध्ये फ्लूसाठी देवाणघेवाणीची चौकट ठरली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला, पण विषाणू देणाऱ्याला लस आणि औषधांत काय वाटा मिळावा, हे ठरवणारे परिशिष्ट मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडले. भारताने त्यात हट्टाने आपला आणि गरीब देशांचा वाटा मागावा. मात्र ते सौदे जिनिव्हात होईपर्यंत मुंबईतला आकडा कपाटात ठेवू नये. तो आकडा आधी धारावीतल्या डॉक्टरला, ठाण्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाला हवा आहे. मुंबईत आज जे फिरते ते कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाडीने रात्रीपर्यंत जिल्ह्यांत पोचलेले असते.

तेव्हा पालिकेच्या आरोग्य विभागाने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मराठीत एक पानाचे पत्रक काढावे. कोणत्या वॉर्डातून किती नमुने वाचले, कोणते प्रकार सापडले, सांडपाण्याच्या सात विभागांत काय दिसले, आणि कोणत्या वॉर्डातून या आठवड्यात एकही नमुना आला नाही, हे त्यावर असावे. जीनोम त्याच दिवशी तारीख आणि शहरासह खुल्या संग्रहात जावेत. पत्रकावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, म्हणजे ते वरून आलेल्या फोनने थांबवता येणार नाही. आणि शेवटच्या रकान्यात नमुना घेतल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले तो आकडा छापावा, म्हणजे तो वाढू लागला तर नगरसेवकांना सभागृहात आणि आपल्याला वर्तमानपत्रात त्याचा जाब त्याच आठवड्यात विचारता येईल.